संकल्प, मोजदाद आणि उरलेले काम : औंढा नागनाथ व नर्सी नामदेव यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आयुष्यात काय काय करावयाचे आहे याची यादी करणे, त्यातील किती झाले व किती राहिले याचा वेळोवेळी हिशोब घेणे, ही प्रवृत्ती सामान्यतः आधुनिक मानली जाते. या संदर्भात अमेरिकेतील जॉन गोडार्ड यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९४० साली वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी १२७ उद्दिष्टांची यादी लिहून काढली आणि पुढील सारे आयुष्य त्यातील एकेका उद्दिष्टावर खूण करण्यात घालविले. २०१३ साली त्यांचे निधन झाले तेव्हा यादीतील बहुतांश उद्दिष्टे पूर्ण झालेली होती. काही मात्र तशीच राहिली. २००७ नंतर एका इंग्रजी चित्रपटामुळे अशा यादीला ‘बकेट लिस्ट’ हे नाव मिळाले आणि ते मराठी शहरी बोलण्यातही रुळले.

या आधुनिक यादीची तीन लक्षणे सांगता येतात. यादी करणारा आणि तिचा हिशोब ठेवणारा एकच असतो. यादीतील प्रत्येक बाब त्याने स्वतःच पूर्ण करावयाची असते. आणि मृत्यूबरोबर यादी बंद होते. जे राहिले ते कायमचे राहिले.

जीवनभराचे संकल्प करण्याची व त्यांची मोजदाद ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात यापेक्षा कितीतरी जुनी आहे. या परंपरेची दोन ठळक रूपे हिंगोली जिल्ह्यातील दोन स्थळांशी निगडित आहेत, ही लक्षणीय गोष्ट होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे क्षेत्र आहे, तर कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. औंढ्याशी यादीचा संकल्प जोडलेला आहे, नर्सीशी संख्येचा. पहिल्यात ठरावीक स्थळे एकेक करून पाहावयाची असतात. दुसऱ्यात एक प्रचंड आकडा गाठावयाचा असतो.

या दोन्ही संकल्पांची नोंद कोण ठेवीत असे, पूर्तता कशाला म्हटले जाई आणि संकल्प अपुरा राहिल्यास काय होई, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

यादीचा संकल्प : बारा ज्योतिर्लिंगे

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत बारा ज्योतिर्लिंगांची गणना आढळते. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या द्वादशज्योतिर्लिंगस्तोत्रामुळे ही यादी घरोघरी पोहोचली. पश्चिमेस सोमनाथ, दक्षिणेस श्रीशैल व रामेश्वर, उत्तरेस केदार, पूर्वेस काशी अशा चारही दिशांना ही स्थळे विखुरलेली आहेत. मराठवाड्यात औंढा, परळी आणि वेरूळ ही तीन क्षेत्रे या यादीत सांगितली जातात. त्यामुळे येथील भाविकाचा संकल्प घराजवळ सुरू होतो आणि हिमालयापर्यंत जातो.

ही यादी दिसते तितकी निश्चित मात्र नाही. स्तोत्रातील नागेश दारुकावनात आहे; हे दारुकावन कोणते, याबद्दल औंढा, गुजरातेतील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर अशी तीन स्थळे पुढे येतात. वैद्यनाथाविषयीही परळी आणि झारखंडातील देवघर असे दोन दावे आहेत. याचा व्यावहारिक परिणाम असा की, बारा पूर्ण करू इच्छिणारा सावध यात्रेकरू बारापेक्षा अधिक स्थळांना जाऊन येतो. संकल्पाची यादी वर वर पाहता बंद असली तरी प्रत्यक्षात ती वाढत जाते, हे तिचे पहिले वैशिष्ट्य होय.

दुसरे वैशिष्ट्य याहून महत्त्वाचे आहे. यादीतील स्थळे इतिहासाच्या आघातांपासून मुक्त नव्हती. सोमनाथचे मंदिर अनेकदा उद्ध्वस्त झाले. आजच्या मंदिरातील प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत झाली. काशीविश्वेश्वराचे मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले आणि १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी ते नव्याने बांधविले. मधल्या शंभरांहून अधिक वर्षांत काशीस गेलेल्या यात्रेकरूंचा संकल्प पूर्ण झाला असे म्हणावयाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच देऊन ठेवलेले होते. मूळच्या पैठणच्या, पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. विश्वेश्वराचे लिंग काळाच्या ओघात हलविले गेले वा बदलले गेले तरी त्या स्थानी जे लिंग असेल त्याची पूजा यात्रेकरूंनी करावी, आणि परकीय सत्तेमुळे तेथे कोणतेच लिंग नसेल तर त्या स्थानालाच प्रदक्षिणा व नमस्कार करावा, असा निर्वाळा त्यांनी दिला. गोदातीरावरून गेलेल्या घराण्यातील या पंडिताने यात्रेची पूर्तता वास्तूपासून सोडवून स्थानाशी आणि कृतीशी जोडली. राजकीय उलथापालथीत यात्रेचा संकल्प टिकून राहण्याचे एक कारण या लवचिकपणात आहे.

पूर्ततेच्या नोंदी

यादीतील किती स्थळे झाली हे यात्रेकरू मनात ठेवीत असेच. तथापि त्याची खरी नोंद त्याच्या हाती नव्हती. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असत. नाशिककडे त्यांना नामावळ्या असे म्हणतात. यात्रेकरूचे नाव, गाव, कुळ, सोबतची माणसे, येण्याची तिथी आणि निमित्त यांची नोंद या वह्यांत होई. पुढे आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने यांनाच उपाध्येपण द्यावे, असा लेखही करून दिला जाई. त्यामुळे एका माणसाची यात्रा ही त्याच्या वंशाच्या नोंदीतील एक ओळ बनत असे. नातू गेला की त्याला आजोबांची ओळ दाखविली जाई आणि तिच्याखाली त्याची ओळ लिहिली जाई. १९७० च्या दशकापासून हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण परदेशी वंशावळी-संशोधन संस्थेने केले, यावरून या साधनांचे मोल लक्षात यावे.

दुसरी नोंद गावाकडे होई. काशीयात्रा करून आलेला माणूस मावंदे घातल्याशिवाय यात्रा संपली असे समजत नसे. गंगापूजन, गावजेवण, गंगेच्या पाण्याचे लाखबंद गडू आणि काळभैरवाचे काळे गंडे यांचे वाटप, हे सारे यात्रेच्या पूर्ततेची सार्वजनिक घोषणाच होते. घरातील देव्हाऱ्यात राहिलेला गडू कोणाच्या तरी अंतकाळी फोडला जाई. काशीस वा गयेस आवडते फळ किंवा भाजी सोडण्याची रीत होती. मग त्या माणसाच्या ताटात ती भाजी आयुष्यभर येत नसे. घरच्या सुनेला कोणते यात्राफळ कोणी घेतले हे स्वयंपाक करताना रोज आठवावे लागे. नोंदीचा याहून टिकाऊ प्रकार सांगणे कठीण आहे.

आजही नर्मदा परिक्रमा करणारे परिक्रमावासी वाटेतील मंदिरे, आश्रम व ग्रामपंचायतींचे शिक्के आपल्याजवळच्या वहीत घेत जातात. साधन बदलले असले तरी तत्त्व तेच आहे. केलेल्या वाटचालीची साक्ष स्वतःच्या हस्ताक्षरात नव्हे, तर दुसऱ्याच्या हाताने व्हावी, अशी येथे अपेक्षा दिसते.

अपुऱ्या यात्रेचे अपूर्णांक

बहुसंख्य माणसांना बारा स्थळे पूर्ण करणे शक्य नव्हते. रस्ते असुरक्षित होते, खर्च मोठा होता आणि अनेक क्षेत्री यात्राकर द्यावा लागे. प्रयाग, गया व जगन्नाथ येथील यात्राकर इंग्रजी अमलात १८४० साली रद्द झाला. म्हणून धर्मशास्त्रकारांनी अपुऱ्या यात्रेचा विचार बारकाईने केलेला आढळतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या विधिनिषेधांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. त्यातून दिसणारी फळाची वाटणी अंकगणिती स्वरूपाची आहे. दुसऱ्यासाठी तीर्थास जाणाऱ्यास फळाचा सोळावा भाग मिळतो. अन्य कामासाठी गेला असता सहज तीर्थ घडले तर अर्धे फळ मिळते. ज्याला जाता येत नाही त्याच्या नावाने कुशाची प्रतिमा करून ती तीर्थात बुडविली तर त्याला आठवा भाग मिळतो.

या अपूर्णांकांकडे पुरोहितवर्गाच्या हितसंबंधांच्या दृष्टीनेही पाहता येईल आणि तो आक्षेप निराधार नाही. परंतु त्यांचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. पूर्ण आणि शून्य यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत, हे येथे तत्त्व म्हणून मान्य केले आहे. यादीवर खूण करणे किंवा न करणे, एवढेच दोन पर्याय या हिशोबात नाहीत.

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी या हेतूने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला आणि १८६० मध्ये घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. द्रव्यार्जनाचा मूळ उद्देश जवळजवळ फसला. पण गंगेची कावड त्यांनी घरापर्यंत आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. शास्त्राच्या काटेकोर भाषेत, अन्य कामासाठी निघाल्यामुळे त्यांचे स्वतःचे फळ अर्धेच ठरावे. मात्र जे आईवडील कोकणातील आपले गाव सोडून काशीस जाऊ शकले नाहीत, त्यांच्या आयुष्यातील एक राहिलेली गोष्ट मुलाने पूर्ण केली.

अहिल्याबाई होळकर (राज्यकाल १७६७ ते १७९५) यांनी हेच तत्त्व राज्यकर्तीच्या पातळीवर राबविले. काशी, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद अशा स्थळी त्यांनी मंदिरे बांधविली वा त्यांचा जीर्णोद्धार केला आणि दूरदूरच्या देवस्थानांस गंगेच्या कावडी पाठविण्याची व्यवस्था केली. औंढ्याच्या मंदिराचा पायाकडील शिल्पांकित दगडी भाग यादवकालीन हेमाडपंती परंपरेचा असून वरचा विटा-चुन्याचा भाग उत्तरकालीन आहे. त्या जीर्णोद्धाराचे श्रेयही परंपरेने अहिल्याबाईंना दिले जाते. ही कामे महेश्वरहून, कारभारी व कारागीर यांच्यामार्फत झाली. स्वतः यादी पूर्ण करण्यापेक्षा इतरांना ती पूर्ण करता यावी अशी सोय करणे, हा त्यांच्या संकल्पाचा आशय होता.

ज्याला यातले काहीच शक्य नाही त्याच्यासाठी शेवटची सवलत यादीच्या पोटातच आहे. बारा नावे सांगून झाल्यावर, सकाळ-संध्याकाळ या नावांचे पठण करणाऱ्याची सात जन्मांची पापे केवळ स्मरणाने जातात, असे स्तोत्राची फलश्रुती सांगते. जी यादी पूर्ण करण्यास आयुष्य पुरत नाही ती म्हणण्यास काही क्षण लागतात. औंढ्याच्या परिसरातील ज्या वृद्धेने परळीच्या पलीकडचे काही पाहिले नाही, तीही या अर्थाने यादीबाहेर राहत नाही.

यादी कोणाची?

येथपर्यंत विचारात घेतलेल्या अडचणी अंतराच्या व द्रव्याच्या होत्या. परंतु काहींच्या बाबतीत स्थळ समोर असूनही संकल्प पूर्ण होऊ शकत नव्हता. चोखामेळ्यास पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या आत जाता आले नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरी उपोषण केले तेव्हा त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास उघडले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सुरू झाला होता. कितीएक पिढ्यांच्या यादीत एकाही स्थळावर खूण होऊ शकली नाही आणि त्याचे कारण त्यांच्या संकल्पाचा दुबळेपणा हे नव्हते. जीवनसंकल्पांच्या कोणत्याही इतिहासात या वस्तुस्थितीस डावलता येणार नाही.

औंढ्याच्या दोन कथा या संदर्भात वाचल्या पाहिजेत. पहिलीत, तीर्थयात्रेच्या वाटेवर आलेले नामदेव नागनाथासमोर कीर्तन करू लागतात, तेथील ब्राह्मण त्यांना हटवितात, ते मंदिरामागे जाऊन कीर्तन करतात आणि मंदिरच त्यांच्याकडे तोंड फिरविते. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा विस्ताराने येते. मंदिर भक्ताकडे फिरल्याचा उल्लेख १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथातील नामदेवांच्या पदातही आहे. यावरून कथेची प्राचीनता आणि प्रसार दोन्ही स्पष्ट होतात. दुसऱ्या कथेत, गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसतात. देव जेथे नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा सांगतात आणि नामदेवांना तशी जागा सापडत नाही.

या कथा घडल्या तशाच घडल्या असे इतिहासाच्या अभ्यासकास म्हणता येणार नाही. त्या कोठे सांगितल्या गेल्या, हे मात्र अर्थपूर्ण आहे. यादीतील एका मान्य स्थळीच यादीचे मर्म तपासून पाहणारी कथा रुजली. जो माणूस स्थळापर्यंत पोहोचूनही बाहेर ठेवला गेला त्याच्याकडे स्थळच वळले, हे पहिलीचे सांगणे; आणि ज्याच्यापर्यंत पोहोचावयाचे ते एका स्थळात मावतच नाही, हे दुसरीचे. औंढ्यास येणारा यात्रेकरू नागनाथाचे दर्शन आणि या दोन्ही कथा बरोबरच घेऊन जातो.

संख्येचा संकल्प : शतकोटी अभंग

नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. शतकोटी अभंग रचण्याची प्रतिज्ञा त्यांच्या नावावर आहे. वाल्मीकींचे रामायण मूळ शतकोटी विस्ताराचे होते ही परंपरागत कल्पना या संख्येच्या पार्श्वभूमीस आहे.

हा आकडा शब्दशः घेतल्यास काय होते ते पाहता येईल. ऐंशी वर्षांचे सुमारे २९,२०० दिवस होतात. शंभर कोटी अभंगांसाठी जन्मदिवसापासून रोज ३४,२४६ अभंग, म्हणजे झोपेचीही सवड न ठेवता दर अडीच सेकंदांस एक अभंग रचावा लागेल. याच्या तुलनेसाठी मराठवाड्यातीलच जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचा संकल्प घेता येईल. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप त्यांनी केला, असे परंपरा सांगते. बारा वर्षांच्या ४,३८० दिवसांत हा जप बसवावयाचा तर रोज सुमारे २९,६८० आवर्तने होतात. एका आवर्तनास दोन सेकंद धरले तर रोजचे साडेसोळा तास लागतील. हे मानवी शक्तीच्या अगदी कडेवरचे, पण कल्पनेत येणारे माप आहे. तेरा कोटी हा दिनक्रमात मांडता येणारा आकडा आहे. शतकोटी हा तसा आकडा नाही. आपल्या एकट्याच्या आयुष्यात पुरा होणार नाही हे ज्यात उघडच दिसते असा तो संकल्प आहे.

म्हणूनच परंपरा या संकल्पाची सुरुवातीपासून वाटणी करते. आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र, सुना आणि घरातील दासी म्हणविणारी, गंगाखेडची जनाबाई अशा सर्वांकडे अभंगरचनेचा वाटा येतो. एका व्यक्तीची प्रतिज्ञा पाहता पाहता घराची होते. नोंदीचे कामही वाटलेले आहे. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची नामावळीच दिली आहे. त्यात निवृत्तीनाथांचे बोल सोपानाने, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने आणि चोखामेळ्याचे अनंतभट्टाने लिहिल्याचे सांगून, जनीचे लिहिणारा स्वतः पांडुरंग असल्याचे म्हटले आहे. ज्या चोखोबास मंदिराचे दार बंद होते त्याच्या शब्दांची नोंद एका भट्टाच्या हातची असावी आणि जिची नोंद व्यवहारात कोणीच ठेवली नसती त्या दासीची नोंद देवाच्या हातची असावी, हे परंपरेचे म्हणणे केवळ भावुक नाही. नोंद ठेवणे हे सन्मानाचे काम आहे आणि ते दुसऱ्याने करावयाचे आहे, असा विचार त्यामागे आहे.

उरलेले काम

नामदेवांच्या नंतर सुमारे तीन शतकांनी हा हिशोब पुन्हा उघडला गेला. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले, कवित्व करण्यास त्यांनी सांगितले आणि शतकोटीपैकी उरलेली संख्या पुरी करण्याचे काम सोपविले, असे देहूच्या तुकोबांनी (१६०८ ते १६५०) आपल्या अभंगात सांगितले आहे. त्या अभंगात मोजमाप विठ्ठलाच्या हाती आहे. परंपरेतील चरित्रकथनात या उरलेल्या कामाचा आकडाही दिला जातो : नामदेवांकडून चौऱ्याण्णव कोटी एकोणपन्नास लक्ष झाले, तुकोबांकडे पाच कोटी एकावन्न लक्ष आले. बेरीज बरोबर शंभर कोटी होते.

उपलब्ध साहित्य या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. नामदेवांच्या नावावर आज सुमारे अडीच हजार अभंग आढळतात आणि त्यांतही विष्णुदास नामा इत्यादी उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली आहे, असे संशोधकांचे मत आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तरीही या हिशोबास निरर्थक ठरविणे योग्य होणार नाही. लक्षापर्यंत काटेकोर असलेली ही बाकी काढणाऱ्यांना संख्या सिद्ध करावयाची नव्हती. एका मोठ्या माणसाचे काम अपुरे राहिले हे न लपविता सांगावयाचे होते आणि त्या अपुरेपणातून पुढच्याच्या कवित्वास अधिकार मिळवून द्यावयाचा होता. शूद्र म्हणविल्या गेलेल्या तुकोबांच्या कवितेस ज्या समाजात विरोध झाला, ज्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, त्या समाजात ‘हे माझे नवे धाडस नसून राहिलेले जुने काम आहे’ हे म्हणणे फार मोलाचे होते. नामदेवांची बाकी हा तुकोबांचा आधार झाला.

नामदेवांच्या नावाने इतरांनी रचना करीत राहणे, ज्याला पाठचिकित्सक प्रक्षेप म्हणतात, त्याकडेही या दृष्टीने पाहता येईल. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ती रचना निराळी काढलीच पाहिजे. परंतु ज्यांनी ती केली त्यांच्या लेखी ते उरलेल्या संख्येत भर घालणे असावे, असा तर्क करता येतो. पंजाबात घुमान येथे नामदेवांच्या नावाने उभी राहिलेली परंपरा आणि आदिग्रंथातील त्यांची ६१ पदे हाही या विस्ताराचाच भाग होय. २०१५ साली घुमान येथे अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा तुकोबांचे वंशज डॉ. सदानंद मोरे अध्यक्षस्थानी होते. उरलेले काम ज्यांच्याकडे आले त्यांच्या वंशातील अभ्यासक ज्यांचे काम उरले होते त्यांच्या कर्मभूमीत गेला, असा हा योग होता.

नर्सी येथे आजही आषाढी वारीनंतर येणाऱ्या वद्य एकादशीस परतवारीची मोठी यात्रा भरते. पंढरपूरहून परतणारे वारकरी येथे येतात आणि नामदेवांच्या जन्मस्थळी माथा टेकल्यावर वारी पूर्ण झाली असे मानतात. पूर्ततेची खूण पंढरपुरास पोहोचल्यावर नव्हे, तर परतल्यावर होते. काशीच्या यात्रेत जे स्थान मावंद्याचे, तेच येथे परतवारीचे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली, जीवनसंकल्पाची नोंद या परंपरेत प्रामुख्याने दुसऱ्याच्या हाती होती. तीर्थोपाध्यायाची वही, गावचे मावंदे, लेखनिकांची नामावळी आणि विठ्ठलाचे माप ही तिची रूपे होत. त्यामुळे स्वतःच्या प्रगतीची चिंता आणि तिचा अहंकार या दोहोंना काही प्रमाणात आळा बसला.

दुसरी, पूर्तता ही पूर्ण किंवा शून्य अशी नव्हती. अर्धे, आठवा भाग, सोळावा भाग, केवळ स्मरण अशा पायऱ्या मानल्यामुळे सामान्य माणसाच्या अल्प प्रयत्नासही स्थान मिळाले. मात्र हीच व्यवस्था जातिभेदाने अनेकांना पहिल्या पायरीवरही उभे राहू देत नव्हती. ती उणीव वारकरी संतांनी कथांतून व अभंगांतून दाखविली आणि कायद्याने व चळवळींनी विसाव्या शतकात दूर करण्यास आरंभ केला.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब उरलेल्या कामाविषयीची आहे. आधुनिक यादीत राहिलेली बाब हे अपयश असते आणि ते यादी करणाऱ्याबरोबर संपते. येथे राहिलेले काम वारशात जाते. आईवडिलांचे गंगास्नान मुलाकडे येते, नामदेवांची बाकी तुकोबांकडे येते. ज्याच्या वाट्याला ते येते त्याच्यावर तो भार असतो. पण त्याच्या आयुष्याला मिळालेले ते कारणही असते. पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांनी आपली समाधी पायरीच्या रूपात मागितली, अशी श्रद्धा आहे. पायरीचे प्रयोजन तिच्यावरून पुढे जाणाऱ्याच्या पावलात असते. शतकोटीचा संकल्प करणाऱ्याने असे स्थान निवडावे, हे त्या संकल्पाच्या स्वरूपाशी सुसंगत होते.